मेन स्विच बंद

त्याला मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा तो दुकानात मस्तपैकी फसत होता, आणि वर दुकानदाराचे आभार मानत होता. मी वायरचं बंडल घ्यायला गेले होते. हा माझ्या पुढे, हातात छत्री असूनही खांद्यापर्यंत भिजलेला, आणि दुकानदार वर्षभर पडून राहिलेली बॅटरी त्याच्या गळ्यात मारत होता. दुसऱ्याच्या भानगडीत नाक खुपसू नकोस, असं आई मला लहानपणापासून सांगत आलीय. पण विजेचं काम चुकताना दिसलं की माझ्या जिभेला हाड राहत नाही. मी म्हटलं, ही घेण्यापेक्षा मेणबत्त्या घ्या, जास्त टिकतील.

तो वळला. चष्म्याच्या काचांवर थेंब, आणि त्यामागे दोन गोंधळलेले डोळे.

“ताई, तुम्हाला यातलं कळतं?”

“पोट त्याच्यावरच भरतं,” मी म्हटलं.

दुकानदार पुढे आठवडाभर माझ्याशी बोलला नाही. हा मात्र बाहेर छत्रीखाली उभा राहून बोलतच राहिला. पुढच्या महिन्यात विजेच्या उपकेंद्राचं काम निघणार होतं, सलग दोन-तीन दिवस वीज नसेल अशी नोटीस आली होती. आणि घरी त्याचे बाबा. फुप्फुसं थकलेली, नाकाला नळी, दिवसरात्र ऑक्सिजनचं मशीन. हे ऐकलं आणि माझी थट्टा जागच्या जागी थांबली. मी त्याला माझे दोन नियम सांगितले. एक, घरात काय काय चालतं ते खरं खरं सांगायचं, कारण माणसं वजनाबद्दल आणि लोडबद्दल हमखास खोटं बोलतात. दोन, काम झालं की मी मेन स्विच बंद करून दिवसभर तिथे बसणार. तालीमच म्हणा ना. घर तगलं तर काम पुरं, आणि यादी खोटी निघाली तर मी पेटी उचलून चालती होते.

“चालेल, ताई,” तो म्हणाला. आणि किती सरळ चेहऱ्यानं म्हणाला, मेला.

खाली त्याचं चष्म्यांचं दुकान, वर दोन खोल्या आणि एक अडगळीची. बाबांनी जन्मभर बस चालवलेली, त्यामुळे खाटेवर बसूनही सगळ्या घरावर नजर. टीव्ही यादीत हवाच, असं त्यांनी बजावलं. मी गीझर कापला, इस्त्री कापली, टीव्हीला दोन तास दिले.

“मलाही कापणार का गं पोरी?” त्यांनी विचारलं.

तुम्ही यादीत पहिले आहात, असं मी म्हटल्यावर ते हसले, हसता हसता त्यांना दम लागला, आणि हा क्षणात वाकून त्यांची पाठ चोळायला लागला. इतक्या हळुवार हातानं की... काय सांगू, माझी पेन्सिल यादीवर तशीच थांबली.

मग दोन आठवडे माझ्या फेऱ्या. गच्चीवर सोलर पॅनल, पॅसेजमध्ये बॅटरी आणि इन्व्हर्टर, मशीनसाठी वेगळी लाईन. तो दर अर्ध्या तासाला दुकानातून वर यायचा, बाबांकडे बघायचा, मशीनला हात लावायचा आणि जाता जाता माझ्याकडे बघायचा. हे शेवटचं बघणं दिवसेंदिवस लांबत गेलं. पण तोंडात आपलं ताई, ताई. शेवटी बाबाच वैतागले. घरात दुसरा शब्द नाही का रे, म्हणाले. त्या दिवसापासून त्यानं मला काही हाकच मारली नाही. “अहो... ते... पाणी हवंय का?” एवढ्यावर गाडी अडलेली.

एका दुपारी मीटर पार नाकाजवळ नेऊन वाचताना त्यानं मला पकडलं. खाली नेऊन दुकानातल्या उंच खुर्चीवर बसवलं. समोर अक्षरांची पाटी. तिसऱ्या ओळीनंतर मी सरळ ठोकून दिलं.

“खोटं बोलताय,” तो हळूच म्हणाला.

“नियम गिऱ्हाइकाला असतात.”

तो एकेक काच माझ्या डोळ्यांपुढे धरत होता. हे बरं दिसतं... की हे? पाचवी काच लागली आणि त्याचा चेहरा कसा लख्ख दिसला, हनुवटीवरच्या दाढी करताना झालेल्या जखमेसकट.

“हे,” मी म्हटलं.

“मी पाटीबद्दल विचारतोय.”

“मीसुद्धा तेच सांगतेय.”

त्याचे कान लाल झाले. माझे झाले असतील तर ते केसांखाली होते. चार दिवसांनी चष्मा माझ्या पेटीत येऊन पडला.

तालमीच्या दिवशी सकाळी आठला मी गच्चीवरच्या पॅनलवर ताडपत्री टाकली, कारण हिशोब ढगाळ दिवस धरूनच करावा. मग मेन स्विच बंद केला. फ्रिजची घरघर थांबली, बाबांचं मशीन चालू राहिलं. त्यानं दुकान बंद ठेवलं होतं आणि उगाच खोल्या झाडत होता. अकरा वाजता माझ्या हिशोबानं बॅटरी शहाऐंशी टक्क्यांवर हवी होती. नव्या चष्म्यातून ती मला शहात्तर दिसली. काच पुसून पाहिलं... शहात्तरच.

कुठेतरी काहीतरी वीज खात होतं. मी मीटर लावून एकेक वायर तपासत गेले. मशीनच्या लाईनला मी कधीच न जोडलेली एक वायर होती, ती अडगळीच्या खोलीच्या दाराखालून आत गेलेली. दार उघडलं. ट्रंकांच्या मागे दुसरं मशीन, अगदी बाबांच्या मशीनसारखंच, चालू. आवाजही तोच, म्हणून इतके दिवस वेगळा कळला नव्हता. नळी खिळ्याला टांगलेली, आणि तिच्यातून हवा येत होती. कोणासाठीच नाही.

तो दारात येऊन उभा होता. हे यादीत नव्हतं, एवढंच मी म्हटलं आणि पेटी भरायला लागले. राग तर आलाच होता, पण त्याहून जास्त वाईट वाटत होतं. माझ्याशी खोटं बोलला, तोही हाच.

त्यानं सफाई दिली नाही. मान खाली घालून सांगत गेला. आठ महिन्यांपूर्वी भर दुपारी बाबांचं मशीन अचानक बंद पडलं. हे दुसरं तेव्हा खोक्यात होतं. खोकं फोडा, नळी शोधा, जोडा, सात मिनिटं गेली. तोवर बाबांचे ओठ निळे पडले होते. तेव्हापासून त्यानं हे मशीन एकदाही बंद केलं नव्हतं.

“हे चालू असलं की मला... मला श्वास घेता येतो,” तो म्हणाला. “तुम्ही यादीतून कापाल म्हणून सांगितलं नाही.”

मी पेटी खाली ठेवली. जवळ जाऊन त्याला समजावलं, ओरडले नाही. दोन्ही मशीन चालली तर बॅटरी बारा तास पुरणार. संध्याकाळी सहाला वीज गेली तर पहाटे सहाला दोन्ही एकदम बंद पडणार. एकच चाललं तर बावीस तास, तोवर ऊन येतं, बॅटरी पुन्हा भरते. हे फेकायचं नाहीच, नळी लावून खाटेशी ठेवायचं, बटण दाबलं की चालू. शिवाय ऑक्सिजनचा भरलेला सिलिंडर आता उशाशी असतोच.

“तुम्ही ज्यांना जपताय ना,” मी म्हटलं, “त्यांचाच श्वास हे खातंय.”

त्यानं बटणावर बोट ठेवलं. ठेवूनच राहिला. मी दाबू शकले असते, पण ते माझं काम नव्हतं.

“बंद कर रे,” बाहेरच्या खोलीतून बाबांचा आवाज आला. “आठ महिने ऐकतोय मी ते. त्याच्यामुळे तुला झोप लागते, म्हणून गप्प बसलो.”

त्यानं बटण दाबलं. खोली शांत झाली, आणि तो तिथेच ट्रंकेवर बसून लहान मुलासारखा रडला. मी त्याच्या शेजारी बसले. त्याची बाही धरून ठेवली.

संध्याकाळी सहाला बॅटरी पंचेचाळीसवर होती. मी मेन स्विच चालू केला आणि काम पूर्ण झाल्याचा कागद त्याच्यापुढे ठेवला. त्यानं पेन उघडलं, माझ्याकडे पाहिलं आणि टोपण परत लावलं.

“सही केली की तुम्ही यायच्या बंद व्हाल,” तो म्हणाला.

बाबा झोपेचं सोंग घेऊन पडले होते, एक डोळा उघडा ठेवून.

आवाज मी कामाचाच ठेवला. म्हटलं, तालीम अजून अर्धीच झालीय. घर विजेशिवाय तगतं ते कळलं, आता तुमच्याशिवाय अर्धा तास तगतं का ते बघायचंय. चला खाली.

त्याचा चेहरा पांढराफटक पडला. आपलं दुकान आणि ती बॅटरीची एक फेरी सोडली, तर आठ महिन्यांत तो अर्ध्या तासासाठीही बाहेर पडला नव्हता, भाजीसुद्धा घरपोच. बाबांनी सोंग सोडलं, फोन हातात घेतला आणि जा म्हणून हाकललं. शेजारच्या काकू विणकाम घेऊन खाटेशी येऊन बसल्या.

गल्ली नुकतीच पावसानं धुतलेली, दुकानांचे दिवे लागत होते. तो चार पावलं टाकायचा आणि वळून वरच्या खिडकीकडे बघायचा. बेकरीपाशी मी त्याचा हात धरला. हात गार पडला होता. त्यानं तो सोडवला नाही.

तेवढ्यात त्याचा फोन वाजला. बाबांचा. तो नुसता पडद्याकडे बघत राहिला, म्हणून फोन मीच उचलला आणि स्पीकर लावला.

“दम लागलेला नाही,” बाबा म्हणाले. “एवढंच विचारायचं होतं... विचारलंस का तिला?”

त्यानं माझ्याकडे पाहिलं.

“सांगा त्यांना, हो म्हणाली,” मी म्हटलं.

“पण मी अजून... विचारलंच नाहीये.”

“मग विचारा. मला तुम्ही आवडता. खूप आवडता. आता काय, तेही लिहून देऊ?”

तो हसला. मी पाहिल्यापासून पहिल्यांदाच असा मोकळा हसला.

“तू... रोज येशील?”

“रोजची ये-जा मला परवडत नाही,” मी म्हटलं. “राहायलाच येईन.”

फोनमधून काकूंचा आनंदाचा चीत्कार ऐकू आला, मग बाबांचा खोकला, मग हसू. बाबा ठीक होते. आम्ही बेकरीवरून पुढे निघालो, कोपरा वळलो. मागे बघायचं तो विसरला, आणि मी काही त्याला आठवण करून दिली नाही.