बोट दिसलं की सांगा

माझी आणि पुंडलिकची पहिली भेट चिखलात झाली. म्हणजे तो चिखलात आणि मी बांधावर.

चैत्राचं ऊन होतं. कासू स्टेशनावरून खाडीकडे उतरलं की आमचं गाव, आणि गावाच्या पुढे मिठागर. मीठ पिकलं होतं. भर दुपारी त्या पांढऱ्या वाफ्यांकडे बघितलं की डोळ्यांत सुया टोचल्यासारखं व्हायचं. मी डोक्यावर मिठाची पाटी घेऊन बांधावरून चालले होते. समोरून पांढऱ्या शर्टातला एक माणूस आला, खांद्याला काळी बॅग. बांध असतो एका माणसाचा. मी अंग चोरून त्याच्या डाव्या हाताला सरले, म्हटलं जाईल पुढे. तर हा गडी सरळ माझ्या पाटीवर आदळला आणि गेला खाली वाफ्यात!

“डोळे फुटले काय रं तुजे? एवढी धडधाकट बाई दिसत नाय?”

तो गुडघाभर गाळात उभा. शर्टाला मीठ, मिशीला मीठ.

“माफ करा... मी डोळ्यांच्या तपासणीला आलोय.”

“तपासून घ्यायला?”

“नाय... तपासायला.”

अगो बाई! मी एवढी हसले की पाटी खाली उतरवावी लागली. तोही हसला. हसताना त्याचे डोळे बारीक व्हायचे आणि कडेला दोन सुरकुत्या पडायच्या. मला त्या सुरकुत्या तिथल्या तिथे आवडल्या, खोटं कशाला बोलू?

मुंबईकडची एक संस्था होती. पेण-रोह्याच्या गावागावांतून माणसं पाठवून ती काचबिंदूचा अभ्यास करत होती. कुठल्या घरात तो आहे, आईबापाकडून पोरांकडे कसा जातो, असं सगळं. पैसे घेत नव्हती, उलट औषध देत होती. पुंडलिक त्या संस्थेचा माणूस. राहणारा रोह्याच्या पलीकडचा, अष्टमीचा. सकाळच्या पॅसेंजरनं यायचा आणि संध्याकाळच्या गाडीनं जायचा.

त्याच दिवशी त्यानं आमच्या ओटीवर आईला तपासलं. माझी आई हौसा. जन्म मिठागरात गेला तिचा. दोन वर्षं तिला नीट दिसत नव्हतं आणि आम्ही सगळे ‘वय झालं’ म्हणून गप्प होतो. मग पुंडलिक यायच्या थोडं आधी पेणच्या शिबिरात डॉक्टरांनी सांगितलं होतं, काचबिंदू. डावा डोळा गेला होता. उजव्यात फक्त समोरचं उरलं होतं, नळीतून बघितल्यासारखं.

“मोतीबिंदू काढता येतो, मावशी,” पुंडलिक तिच्यासमोर मांडी घालून बसला होता. “हा चोर आहे. दुखत नाय, खुपत नाय. कडेकडेनं नजर पळवतो आणि माणूस म्हणतो, मला दिसतंय की! गेलेलं परत येत नाय. पण राहिलेलं राखता येतं. हे थेंब रोज घालायचे, आयुष्यभर.”

“मेल्यावर पन घालू काय?” आईनं विचारलं.

“तोवर तर घाला. पुढचं पुढं बघू.”

आई हसली. डोळ्याचं कळल्यापासून पहिल्यांदाच हसली.

“आणि एक,” तो माझ्याकडे वळला. “घरात एकाला असला की सगळ्यांनी तपासायचं. तुम्ही बसा.”

मी बसले. हातभर अंतरावर, समोरासमोर.

“एक डोळा झाका. उघड्या डोळ्यानं माझ्या डोळ्यात बघायचं. नजर हलवायची नाय. मी कडेनं बोट आणतो. बोट दिसलं की सांगा.”

आता मला सांगा, लग्नाच्या पोरीला असं कोणी सांगतं का? आमच्याकडे दाखवायच्या कार्यक्रमातसुद्धा पोरगी पायाच्या अंगठ्याकडे बघते. आणि हा म्हणतो, डोळ्यात बघ आणि हलू नकोस. त्यानंही एक डोळा झाकला होता. तपकिरी डोळा होता त्याचा, आणि त्यात आमच्या ओटीचा खांब दिसत होता, आणि एवढीशी मी.

डाव्या डोळ्याची तपासणी सरळ झाली. उजव्याची पाळी आली आणि भांडण लागलं.

“दिसलं,” मी म्हटलं.

“नाय दिसलं. तुम्ही नजर हलवली.”

“नाय हलवली!”

“अहो, मला अजून दिसलं नाय, तर तुम्हाला कसं दिसेल? बोट मध्ये असतं. दोघांना एकदमच दिसायला हवं. त्यावरूनच तर कळतं.”

“मग तुमचं लक्ष नाय.”

“लक्ष तर...” तो थांबला. कान लाल झाले त्याचे. “पुढच्या वेळी नीट करू.”

नीट पुढच्या वेळीही झालं नाय. त्याच्या पुढच्याही वेळी नाय. तो आईला थेंब घेऊन यायचा, खाडीचं उधाण ओसरलं की, कारण उधाणात वाटेवर पाणी असायचं. मी पंचांग बघायचं सोडून पाणी बघायला लागले. भरती कमी झाली की माझी वेणी नीट पडायची. रोह्याकडची गाडी कासूला थांबली की तिचा भोंगा मिठागरात ऐकू यायचा, आणि माझ्या हातातली मीठ ओढायची फळी वाफ्यात नुसतीच फिरायची. बायका म्हणायच्या, “रंभे, मीठ ओढतेस का रांगोळी काढतेस गो?”

त्यानं सगळ्यांना काळे चष्मे आणले, मिठाच्या चकाकीसाठी. बायकांनी एकमेकींना ‘हिरोईन’ म्हणून चिडवलं आणि चष्मे पेटीत ठेवले. मीही ठेवला.

“घालत का नाय?” त्यानं विचारलं.

“तुम्हीच म्हणता ना, डोळ्यात बघा म्हणून. चष्म्यातून कसं बघू?”

तो बॅगेत काहीतरी शोधायला लागला. बॅगेत काय नव्हतंच.

एकदा मी विचारलं, या कामाला कसे लागलात? म्हणाला, “बाबांचे दोन्ही डोळे गेले काचबिंदूनं. मी शाळेत होतो. घरात कोणाला कळलंच नाय... म्हणून वाटलं, दुसऱ्याच्या घरी तरी कळावं.”

श्रावणात तो आला तेव्हा पाऊस कौलांवर एकसारखा वाजत होता. वाफे पाण्याखाली गेले होते. मी चहा त्याच्या डाव्या बाजूला ठेवला, ‘चहा घ्या’ म्हटलं, आणि त्यानं हात फिरवून कप सांडला. मी पुसलं. मग मला लहर आली.

“आज मी तुम्हाला तपासते. बघू कोणाची नजर हलते.”

“हं... बसा, डॉक्टरीणबाई.”

त्यानं उजवा डोळा झाकला. डावा माझ्यावर. मी माझं बोट लांबून आणलं, हळूहळू, त्याच्या कानाजवळून. मला ते कधीच दिसलं होतं. तो गप्प. मी पुढे आणलं. तो हसत होता, माझ्या डोळ्यात बघत होता आणि गप्प होता. बोट त्याच्या भुवईच्या टोकापाशी आलं. आणखी पुढे आलं.

“दिसलं!” तो म्हणाला.

“गंमत करता ना?”

त्याचं हसू तसंच राहिलं, फक्त त्यातला जीव गेला. मी बोट खाली घेतलं. बांध आठवला. सांडलेला चहा आठवला. दाराच्या चौकटीला त्याचा डावा खांदा सारखा घासायचा ते आठवलं. एवढे दिवस बोट मला आधी दिसत होतं, कारण माझे डोळे चांगले होते.

“गाडीची वेळ झाली,” तो म्हणाला. गाडीला अजून खूप वेळ होता. भर पावसात गेला. मी ओटीवर उभी राहिले तर वळूनसुद्धा बघितलं नाय त्यानं.

पुढच्या उधाणानंतर दुसऱ्याच बाई थेंब घेऊन आल्या. म्हणाल्या, पुंडलिकनं ऑफिसातलं काम मागून घेतलंय. त्याच्या पुढच्या वेळीही त्याच आल्या. गणपती आले, गेले. गाडीचा भोंगा यायचा, आणि मी उठायचं नाय असं ठरवून उठायचे. तेव्हा मी तो काळा चष्मा बाहेर काढला. ढग भरलेले असताना चष्मा घालून फिरायचे. बायका हसल्या तर हसल्या, निदान डोळे कोणाला दिसत नव्हते.

आईला मात्र तेवढ्याशा नळीतून सगळं दिसायचं. एका संध्याकाळी तिनं चष्मा माझ्या नाकावरून उतरवला. मी तिच्या मांडीवर डोकं ठेवून रडले आणि सगळं सांगितलं, बोटासकट.

ती बराच वेळ माझ्या केसांतून हात फिरवत राहिली. “माजा एक डोला गेला गो, कारन मला सांगनारा कोन नव्हता. त्याला सांगनारी हाय ना? मंग हितं काय बसलीस?”

दुसऱ्या दिवशी मी रोह्याची गाडी पकडली. कुंडलिकेवरचा पूल ओलांडून अष्टमीत शिरले, विचारत विचारत घर गाठलं. दारात एक म्हातारे गृहस्थ बसले होते. माझ्या पावलांकडे कान देऊन म्हणाले, “कोण?”

“मी रंभा. कासूकडची.”

“रंभा...” त्यांचा चेहरा उजळला. “जिला बोट आधी दिसतं ती?”

म्हणजे तो घरी माझं नाव घेत होता!

“पुलावर असेल बघ,” ते म्हणाले. “हल्ली तिथंच जाऊन उभा राहतो. काय झालंय, बोलत नाय. तू विचार.”

मघाशी मी घर शोधायच्या नादात होते. आता मागे पुलावर येऊन बघितलं तर पुंडलिक कठड्याला टेकून पाण्याकडे बघत उभा होता. मी त्याच्या डाव्या बाजूनं गेले, अगदी खांद्याजवळ जाऊन थांबले. त्याला पत्ता नाय. नदीवरचा वारा माझा पदर उडवत होता, मी एवढ्या जवळ होते... आणि त्याच्यापुरती मी तिथं नव्हतेच.

“पुंडलिक.”

तो दचकला. “कधी आलीस? मला दिसलं नाय...”

“माहीत हाय. तपासलंत?”

“नाय.”

“का?”

“तपासलं नाय तोवर मला काय झालेलं नाय, रंभा.”

मग मात्र माझं टाळकं सरकलं. “वा रे वा! गावोगाव सांगत फिरतोस, घरातल्या सगळ्यांनी तपासा. बापाचे डोळे गेले तुज्या, तू कधी बसलास का दवाखान्यातल्या यंत्रासमोर? दिव्याखाली अंधार म्हणतात तो ह्योच!”

“भीती वाटली,” तो एवढंच म्हणाला. “आधीपासून शंका होती मला. मी बाबांना रोज बघतो. आई हात धरून त्यांना मोरीपर्यंत नेते. तुझ्या नशिबी ते...”

“मला विचारलंस तू?”

“काय?”

“काहीपण! नजर हलवू नका, बोट दिसलं की सांगा. उन्हाळाभर याच्यापलीकडे एक अक्षर बोललास? आणि माझ्या नशिबाचं परस्पर ठरवून मोकळा! मी तिकडं गाडीच्या भोंग्याला उठून बसत होते रे...”

रडायचं नाय असं ठरवून आले होते. राहिलं ते ठरवलेलं. त्यानं खिशातून रुमाल काढला, द्यायला धजेना, हातातच चुरगळत राहिला.

“आता विचारू?”

“आधी तपासून घे. मग विचार. उलटं चालायचं नाय.”

संस्थेचा दवाखाना पनवेलला होता, तिथं आम्ही दोघं गेलो. मी बाहेर बाकावर बसले. आत त्याच्या डोळ्यांत थेंब घालत होते, यंत्रात बघत होते, आणि बाहेर मी माहीत असलेल्या सगळ्या देवांना नारळ बोलत होते. गेलेलं परत येत नाय, हे मला पाठ होतं. राहिलेलं किती, एवढाच प्रश्न होता.

तो बाहेर आला. बाहुल्या मोठ्या झालेल्या, उजेडाला डोळे मिटत होते.

“डावा अर्ध्याहून जास्त गेला,” तो म्हणाला. “उजवा चांगला आहे. डॉक्टर म्हणाले, वेळेत आलास. आणखी थांबला असतास तर...”

“आणि थेंब?”

“रोज. आयुष्यभर.”

“घालीन मी,” मी म्हटलं.

बोलून गेले आणि जीभ चावली. बाकावरच्या दोन म्हाताऱ्या तोंडाला पदर लावून हसल्या. पुंडलिकच्या डोळ्यांच्या कडेला त्या सुरकुत्या पडल्या, कितीतरी दिवसांनी.

“आधी मी विचारायचं ठरलं होतं ना?”

“मग विचारा.”

“आता काय विचारू? उत्तर तर आलं.”

परतीच्या गाडीत मी काळा चष्मा त्याच्या डोळ्यांवर चढवला आणि त्याच्या डाव्या बाजूला बसले. कासू आलं. मी उतरले, तर हाही उतरला.

“रोहा पुढं हाय,” मी म्हटलं.

“ठाऊक आहे. मावशींचे थेंब संपले असतील.”

थेंब संपले नव्हते. त्यालाही माहीत होतं.

परतीच्या पावसाची भुरभुर सुरू होती. बांध निसरडा झाला होता आणि दोन्हीकडे वाफ्यांत पाणी होतं. बांध एका माणसाचा, तरी मी त्याच्या डाव्या बाजूनंच चालले, अर्धा पाय गाळात.

“मागून चल, पडशील,” तो म्हणाला. “आणि त्या बाजूला तू मला दिसत नाहीस.”

“म्हणून तर हितं चालतेय.”

“मग तू आहेस हे कळणार कसं मला?”

मी त्याचा हात धरला. त्यानं माझा इतका घट्ट धरला की बांगडी रुतली. एवढे दिवस नुसतं डोळ्यात बघून काढले होते आम्ही. त्या हातात सगळं होतं, भीतीसुद्धा.

आई ओटीवर बसली होती, तोंड बांधाकडे करून. तिला ना डावीकडचं दिसत होतं ना उजवीकडचं. पण आम्ही सरळ तिच्या समोरून येत होतो. तिनं मान किंचित पुढे केली, उजवा डोळा बारीक केला आणि तिथूनच ओरडली,

“हात सोड गो रंभे! समोरचं दिसतंय मला अजून!”

मी नाय सोडला.