सहा नंबरची टकटक

खरी साथ नव्हती, नुसता सराव होता. हे वाक्य सिस्टरनं सकाळपासून इतक्या जणांना ऐकवलं होतं, की आता तिचं तिलाच हसू येत होतं. फ्लूची साथ आलीच तर कॉलेज तयार आहे का, हे बघायला पुढच्या आठवड्यात तपासणीची माणसं येणार होती. म्हणून वसतिगृहाचा वरचा मजला मोकळा करून आठ खोल्यांत आठ मुलींना ‘आजारी’ म्हणून बसवलं होतं. सकाळी नऊ ते संध्याकाळी पाच. आजारी कसल्या, अभ्यास चुकला म्हणून त्यांची चंगळच होती.

सिस्टर म्हणजे कॉलेजच्या दवाखान्यातली नर्स. रुजू होऊन जेमतेम सात महिने झाले होते. आणि सहा नंबरात होती तिची सख्खी भाची, चिमणी. बिनआईची पोर. दादानं तिला या कॉलेजात घातलं ते केवळ सिस्टरच्या भरवशावर. “तू आहेस म्हणून पाठवतोय गं,” एवढंच तो बोलला होता, आणि ते ओझं सिस्टर रोज उरावर घेऊन हिंडायची. सकाळी खोलीत शिरताना चिमणी दोनदा शिंकली. “आत्या, अंग कसकसतंय.” सिस्टर म्हणाली, “वा! नाटक आत्तापासूनच का? फारच मनावर घेतलंस बाई.” आणि बाहेरून कडी घातली.

कडी बाहेरून, मुलींचे फोन खाली कार्यालयात जमा. कॉलेजच्या साथीच्या आराखड्यात तसंच होतं. दार उघडायचं नाही, उगाच संसर्ग नको. दर तासाला नर्सनं दारावर टकटक करायची. आतून दोनदा टकटक आली तर ठीक, तीनदा आली तर मदत हवी. मग वहीत खूण करून पुढच्या दारावर.

अकरापर्यंत सगळं मजेत चाललं. एक नंबरवाली टकटकीतून गाणं वाजवायची. तीन नंबरवालीला दर वेळी चार हाका माराव्या लागत, कारण बाईसाहेब घोरत असायच्या. सहा नंबर मात्र शहाण्यासारखा. सिस्टरचा हात दारावरून निघतो न निघतो तोच आतून दोन टकटका. हलक्या, अगदी सारख्या.

बाराच्या फेरीला सिस्टरच्या मनात पाल चुकचुकली. चिमणी आणि गप्प? ही पोर झोपेतही बडबडते. एकदा “आत्या, भूक लागली” नाही, एकदा खिदळणं नाही. आणि दोन खाटांपैकी तिची तर तिकडे खिडकीपाशी, दारापासून चांगली सात-आठ पावलं. इतक्या झटकन दाराशी येते कशी? दाराला चिकटून उभीच असते की काय?

“चिमणे, काय चाललंय गं?”

टक. टक.

“बोल की तोंडानं!”

टक... टक.

माझी फिरकी घेतेय कार्टी, असं म्हणून सिस्टरनं वहीत ‘ठीक’ लिहिलं. समोरची तीन नंबरवाली पण यात सामील असेल, असा संशय घेऊन ती जिना उतरली.

खाली दवाखान्यात टेबल पुसताना जंतुनाशकाची बाटली कलंडली आणि आराखड्याची फाईल भिजली. सिस्टर पानं टिपू लागली. टकटकीचा नियम होता त्या पानावर कागदाची एक पट्टी सुटून वर आली. छापील नियम त्या पट्टीवर होता. पट्टीखाली निळ्या शाईत, हातानं, कुणीतरी दाबून दाबून लिहिलं होतं:

‘टकटकीवर विश्वास ठेवू नये. दर तासाला दार उघडून चेहरा बघावा.’

सिस्टर फाईल घेऊन तडक हेडक्लार्ककडे गेली. त्यांनी चष्मा वर केला. “हां, ते होय? थोरल्या सिस्टरांचं अक्षर. तुमच्या आधीच्या. तपासणीला फाईल स्वच्छ दिसायला हवी, म्हणून आम्ही पट्टी चिकटवली. त्यात एवढं काय?”

“त्यांनी असं का लिहिलं?”

हेडक्लार्कांनी ताकास तूर लागू दिली नाही. कागद चाळत राहिले. दाराशी फरशी पुसणाऱ्या मावशींचा हात मात्र थांबला होता. सिस्टर बाहेर आली तशा त्या मागोमाग आल्या.

“मागच्या साथीत सहा नंबरात एक मुलगी होती,” मावशी हळूच म्हणाल्या. “थोरल्या सिस्टर दर तासाला जायच्या. टकटक करायच्या, आतून टकटक यायची. वहीत ठीक, ठीक, ठीक... तिसऱ्या दिवशी दार उघडलं. डॉक्टर म्हणाले, हिला जाऊन दोन दिवस झालेत.”

“मग टकटक...”

“मी पण ऐकली होती, सिस्टर. त्याच सकाळी. बादली घेऊन तिथंच उभी होते मी.”

जिना सिस्टर कशी चढली हे तिला नंतर आठवेना. मजल्यावर लख्ख ऊन होतं. एक नंबरात गाणं चालू होतं. तिनं सहा नंबरवर टकटक केली.

टक. टक.

कडी तिनं आधीच सरकवून ठेवली होती. आवाज विरायच्या आत तिनं दार ढकललं. दाराशी कुणी नव्हतं. खोलीत आंबूस, तापाचा वास कोंडला होता. पलीकडे खिडकीपाशी चिमणी पांघरुणात मुटकुळं करून पडली होती, डोळे अर्धवट मिटलेले, ओठ कोरडे. कपाळाला हात लावला तर चटका बसला.

“चिमणे! अगं बाळा!” सिस्टर रडू लागली. पोरीला उचलून तिनं बाहेर आणलं, आणि सवयीनं, होय, सवयीनंच, मागं कडी घातली.

इस्पितळात डॉक्टर म्हणाले, आणखी दोन तास गेले असते तर काही खरं नव्हतं. साडेपाचला चिमणीनं डोळे उघडले. सिस्टरनं तिचा हात गालाला लावला. “माझं चुकलं गं. तू एकदा तरी तीनदा वाजवायचंस...”

“मी उठतच होते, आत्या. ती म्हणाली, तू पडून राहा, मी सांगते त्यांना.”

“कोण ती?”

“दुसऱ्या खाटेवरची.” चिमणीनं दाराकडे पाहिलं. “तिला नाही आणलंस? तिला माझ्यापेक्षा जास्त ताप होता.”

दुसऱ्या खाटेवर नुसती उघडी गादी होती. सिस्टरनं स्वतः सकाळी पाहिली होती. तेवढ्यात पर्समधला फोन वाजला. मावशी होत्या.

“सिस्टर, सगळ्या मुली खाली आपापल्या खोल्यांत गेल्या. पण सहा नंबरातून...” मावशींना धाप लागली होती. “आता तीनदा वाजतंय. सारखं तीनदा. काय करू?”

सिस्टरनं चिमणीकडे पाहिलं. मग डोळे मिटून म्हणाली, “दार उघडा, मावशी. चेहरा बघा.”

कडी सरकल्याचा आवाज आला. मग मावशींची पावलं आत गेली.

“कुणी नाही, सिस्टर...” मावशी कुजबुजल्या. “पण या रिकाम्या खाटेची गादी... हात ठेववत नाही हो. नुसती तापलीय.”