राहिलेली बैठक

परदेशीपुऱ्यातल्या त्या खोलीवर नीरजा गेली ती फक्त एक चित्र आणायला. दुपारचे चार वाजले होते आणि काम दहा मिनिटांचं होतं.

चित्र तिचंच होतं. ती नऊ वर्षांची असताना शेजारच्या मालोजीकाकांनी तिला पहिल्यांदा समोर बसवलं. काका तेव्हा पस्तिशीचे, पोर्ट्रेट काढण्यात नाव असलेले. पुढे दर वाढदिवसाला ती तासभर बसायची आणि काका त्याच कॅनव्हासवर, त्याच चेहऱ्यावर, वर्षभरात पडलेला फरक रंगवायचे. वेण्या गेल्या, लग्न झालं, चष्मा लागला, कॅनव्हास एकच. त्या तासात ती काकांना जे सांगायची, ते तिने आईलाही कधी सांगितलं नाही. नवऱ्याला तर नाहीच नाही.

गेल्या वर्षी मुलीच्या लग्नासाठी नीरजा बाईसाहेबांनी केस काळेभोर करून घेतले आणि तशाच बैठकीला गेल्या. काकांनी ब्रश खाली ठेवला.

"सात साल से एकेक पांढरा केस बघून लावतोय मी. आणि तू डाय करून आलीस?"

"मी काही तुमची बाहुली नाही, काका," म्हणत ती उठली.

त्यानंतर ती गेली नाही. फोन दोघांनीही केला नाही. हट्टीपणात कोणी कोणाला हार जाणारं नव्हतं. फेब्रुवारीत काका गेले. तेव्हापासून एकच गोष्ट तिला आतून कुरतडत होती. काका रागातच गेले का? मनातून उतरलेलं चित्र ते सुरीने खरवडून टाकत. तिचंही खरवडलं असेल का?

काकांच्या सुनेने, रुपालीने, त्यांच्या चित्रांच्या खोलीचं कुलूप उघडून दिलं. "बाबांनंतर इथे कोणी आलंच नाही, ताई. तुम्ही बघा आरामसे, मी खाली चाय ठेवते."

खोलीत जवसाच्या तेलाचा आणि टर्पेंटाइनचा वास होता, आत्ताच कोणी डबा उघडावा इतका ताजा. नीरजाने चित्रावरचं फडकं काढलं. चेहऱ्याच्या जागी नुसतं खरवडलेलं कापड होतं.

समोरच्या तिच्या नेहमीच्या खुर्चीत ती बसली आणि पदर तोंडाला लावून रडली. आता कॅनव्हासची पाठ तिच्याकडे होती. "चुकलं माझं, काका..."

खाली भाजीवाला ओरडत होता, त्याची हाळी मध्येच तुटली. रिक्षांचे आवाज थांबले. त्या शांततेत कॅनव्हासच्या पलीकडून खस्... खस्... ऐकू येऊ लागलं. कापडावर ब्रश फिरत होता. ईझलच्या खाली कोणाचे पाय दिसत नव्हते.

"हनुवटी... जरा खाली." आवाज घोगरा, ओळखीचा. "हं... अब हिलना मत."

ती हलली नाही. भीतीने अंगाला घाम फुटला होता, पण त्रेचाळीस वर्षांची सवय भीतीहून जुनी होती.

"तुम्ही मला... पुसून टाकलंत?"

"नवीन काढायला जागा केली होती गं... तू आलीच नाहीस."

मग हळूहळू तिने वर्षभराचं सगळं सांगितलं. जावयाचं, गुडघ्याचं, रात्री न येणाऱ्या झोपेचं. मधूनमधून पलीकडून "हं" येत होतं. खिडकीतलं ऊन जागचं हललं नाही.

ब्रश डब्यात पडल्याचा आवाज झाला आणि भाजीवाल्याची हाळी पुन्हा सुरू झाली. नीरजा उठून पलीकडे गेली. चेहरा पुरा झाला होता. रडून लाल झालेलं नाक, अर्धवट उतरलेला डाय, सगळं होतं. हे रागावलेल्या माणसाचं काम नव्हतं, एवढं तिला नक्की कळत होतं. किती महिन्यांनी तिने मोकळा श्वास घेतला. रुपालीचा चहा अजून उकळायचा होता.

चित्र आता घरच्या दिवाणखान्यात आहे. रंग मात्र वाळत नाही. परवा माहेरी आलेल्या लेकीने, संहिताने, चित्रातल्या आईच्या गालाला बोट लावून पाहिलं, तेव्हा आत पोह्यांना फोडणी देणाऱ्या नीरजाने गाल पुसला आणि वळून मागे पाहिलं.

ती घाबरली नाही. काका रागावून गेले नाहीत, याच्यापुढे तिला बाकी काही मोठं वाटत नव्हतं. पण तिच्या नवऱ्याने, अच्युतने, रंग बिघडू नये म्हणून चित्राला काच बसवून आणली. काच बसल्यापासून घरातल्यांचे आवाज तिला जरा लांबून येतात.