पिंपाआडचा राऊटर

आमच्या घरचं नेट आजारी पडायचं, आणि तेही मोठ्या तऱ्हेवाईकपणे. पाच-सहा दिवस अगदी ठणठणीत. मग एके दिवशी अचानक दर दहा मिनिटांनी तुटायला लागायचं. तीन दिवस असं रडतखडत चालायचं आणि मग कुणी काही न करता आपोआप बरं व्हायचं!

तुम्ही म्हणाल, तुटलं तर तुटलं, त्यात काय एवढं? तर ऐका. माझी आई क्रेन चालवते. आमच्या खडकवाडीत, मागच्या खोलीत खुर्चीवर बसून, तीनशे किलोमीटर लांबच्या बंदरातली क्रेन! डोळ्यांवर चष्मा, हातात दोन दांडे आणि चष्म्यात दिसणारे जहाजावरचे कंटेनर. नेट तुटलं की क्रेन जागच्या जागी थांबते, त्यामुळे कुणाला इजा होत नाही. पण खाली जहाज खोळंबतं. त्या महिन्यात अशी अकरा जहाजं खोळंबली. मग बंदराच्या कचेरीतून निरोप आला. तीन आठवड्यांनी शुक्रवारी दहा वाजता दोन तासांची चाचणी. त्यात एकदा जरी नेट तुटलं, तर काम दुसऱ्याला.

त्या दिवशी भाकरी करपली. आईची भाकरी कधीच करपत नाही.

तक्रार तर आम्ही त्याआधीच केली होती. पाचव्या दिवशी नेटवाल्यांचा यंत्रमानव आला. त्याने राऊटरला (इंटरनेट हवेतून घरभर वाटणारी पेटी) आपलं बोट लावलं आणि म्हणाला, "जोडणी उत्तम. तक्रार बंद." पुन्हा तुटलं, पुन्हा तक्रार केली, पुन्हा तो पाचव्या दिवशी हजर. "जोडणी उत्तम."

"अरे ठोकळ्या, तुटतं तेव्हा ये ना!" मी ओरडले.

"तक्रार बंद," तो म्हणाला आणि गेला.

मग मी आजोबांना धरलं. आजोबा म्हणजे आईचे वडील. बत्तीस वर्षं ते रेडिओ दुर्बिणीवर (आकाशातून येणाऱ्या लहरी टिपणाऱ्या भल्यामोठ्या थाळीवर) काम करत होते. दीड महिन्यापूर्वीच ते कायमचे आमच्याकडे राहायला आले होते.

"मुक्ते, एक नियम पाळायचा," ते म्हणाले. "एका वेळी एकच गोष्ट बदलायची. दोन बदलल्या आणि बरं झालं, तर गुण कुणाला आला ते कळणार कसं?"

आम्ही राऊटर बंद करून चालू केला. काही फरक नाही. दुसऱ्या दिवशी त्याचं चॅनेल बदललं. शेजाऱ्यांचे राऊटर आपल्याच चॅनेलवर असले तर त्यांच्या आणि आपल्या लहरींचा गलका होतो, म्हणून. तरीही नाही. तिसऱ्या दिवशी आईचं यंत्र उचलून राऊटरशेजारी नेलं आणि तारेनं जोडलं. तासभर एकदाही तुटलं नाही! पण राऊटर होता त्या अरुंद बोळात आईची खुर्ची आणि दांडे मावत नव्हते, आणि खोलीपर्यंत पुरेल एवढी लांब तार खडकवाडीत मिळत नव्हती.

"झकास!" आजोबा म्हणाले. "म्हणजे बाहेरून येणारी लाइन चांगली आहे. राऊटरही चांगला. दुखणं आहे ते राऊटर आणि आईची खोली यांच्या मधल्या हवेत. आता तू वही ठेव. कधी तुटलं, ते लिहायचं."

मी इमानेइतबारे लिहिलं. ते तीन दिवस म्हणजे तीन, चार, पाच तारीख. मग सगळं ठीक. मग बारा, तेरा, चौदा. वही घेऊन मी स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरसमोर उभी राहिले. आमच्याकडे नळाला आठ-नऊ दिवसांनी एकदा पाणी येतं आणि आई त्या तारखेवर लाल पेनाने गोल करते. गोल होते तीन आणि बारा तारखेवर.

"आई! पाणी आलं की नेट तुटतं!"

"काहीतरीच तुझं," आई म्हणाली. "पाण्याचा आणि नेटचा काय संबंध?"

आजोबा मात्र ताडकन उठले आणि बोळात गेले. आईला पाण्याची ओढाताण नको म्हणून त्यांनी आल्या आल्या चार मोठी निळी पिंपं आणून बोळात ओळीने मांडली होती. पिंपांच्या अलीकडे, भिंतीतून तार येते तिथे, बुटक्या स्टुलावर राऊटर. पलीकडे आईची खोली. आजोबांनी कपाळावर हात मारला.

"बत्तीस वर्षं लहरी मोजल्या, आणि घरात लहरींपुढे स्वतःच्या हाताने धरण बांधलं!"

मग त्यांनी मला नीट समजावलं. राऊटरच्या लहरी म्हणजे रेडिओ लहरी. त्या डोळ्यांना दिसत नाहीत, पण प्लॅस्टिकमधून आरपार जातात. त्यामुळे रिकामं पिंप त्यांना आड येत नाही. पाणी मात्र त्या शोषून घेतं. लहरींची शक्ती पाण्यात शिरून नखभर उष्णता बनते आणि पलीकडे फारसं काही पोचत नाही. तीन दिवसांत आपण पाणी वापरतो, पाण्याची पातळी राऊटरच्या खाली उतरते आणि लहरींना वरून वाट मिळते.

"आणि तो ठोकळा नेमका पाचव्या दिवशी यायचा!" मी म्हटलं.

पण हे खरं की नुसता तर्क? पिंपं तळाला गेलेली, नेट उत्तम, तपासणार कसं? आणि गुरुवारी संध्याकाळी नगरपालिकेचा निरोप आला: उद्या सकाळी सहाला पाणी. उद्या म्हणजे चाचणीच्याच दिवशी!

"नाहीच भरलं तर?" मी विचारलं.

"आणि नऊ दिवस प्यायचं काय, नेट?" आई म्हणाली.

सकाळी साडेसातला चारही पिंपं काठोकाठ भरली. आईच्या पडद्यावर लहरींचं बळ दिसतं, शंभरपैकी. आकडा होता सतरा. भरलेलं पिंप हलवायचं म्हणजे दोनशे किलो, ते जमणार नव्हतं. मी राऊटर उचलून छातीशी धरला. आई खोलीतून ओरडली, "चोवीस!" डोक्यावर धरला. "सदुसष्ट! अगं, सदुसष्ट!"

आजोबांनी भिंतीत खिळे ठोकून पिंपांच्या वर फळी बसवली. तार जेमतेम पुरली. आकडा त्र्याहत्तर.

दहा वाजता आईने चष्मा चढवला. आम्ही दोघं बोळात. अकरा वाजता मला राहवेना, म्हणून मी स्टुलावर चढून राऊटरसमोर डोकावले. दारातून दिसणाऱ्या आईच्या पडद्यावर आकडा घसरून बावन्न!

"उतर खाली!" आजोबा दबक्या आवाजात ओरडले. "तूही निम्म्याहून जास्त पाणीच आहेस!"

मी जी फतकल मारून बसले, ती बारा वाजेपर्यंत हलले नाही. बाराला आईने चष्मा काढला. डोळे भरलेले. "नाही तुटलं. एकदाही नाही. काम राहिलं माझं!" मी उडी मारून तिच्या गळ्यातच पडले.

वाटलं, आता गोडाधोडाचं होणार. पण आईने चपला घातल्या आणि माझा हात धरला. "चल मालनमावशीकडे. तीही माझ्यासारखीच क्रेन चालवायची. गेल्या वर्षी तिचं काम गेलं. क्रेन सारखी थांबते म्हणून लोक म्हणाले, हिचे हात थरथरतात."

मालनमावशीच्या ओसरीतच भरलेलं पिंप होतं. त्याच्यामागे, जमिनीवर, धूळ खात पडलेला राऊटर. आईने मला पुढे केलं. मी तिला सगळं सांगितलं: लहरी, पाणी, पातळी, तारखा. मावशी ऐकता ऐकता आपल्या दोन्ही हातांकडे बघत राहिली.

"म्हणजे माझ्या हातांना काही झालेलं नव्हतं?"

"काही नाही, मावशी. तुझे हात चांगलेच आहेत."

ती पदराने डोळे पुसत हसली. मग उठली, राऊटर उचलला आणि आईला म्हणाली, "पुढची चाचणी कधी आहे गं? माझंही नाव घाल."