थर्ड बेसवरची सिद्धेश्वरी

सिद्धेश्वरीनं बेसबॉलची बॅट जीव खाऊन फिरवली आणि चेंडू मैदान सोडून, चिंचेचं झाड सोडून, थेट दुसऱ्या मजल्यावरच्या कॉम्प्युटर लॅबच्या उघड्या खिडकीत शिरला. काच फुटल्याचा आवाज नाही. कुणाची आरडाओरड नाही. जणू आत कुणीतरी वाटच बघत होतं आणि त्यानं तो अलगद झेलून ठेवला...

ती धापा टाकत वर गेली. लॅबमध्ये ती एक खिडकी सोडून बाकीचे पडदे ओढलेले, अर्धवट अंधार. एकच कॉम्प्युटर चालू होता आणि त्याच्यापुढं एक मुलगा पाठमोरा बसला होता. चेंडू त्याच्या कीबोर्डवर शांत बसलेला.

“सॉरी हं. लागला तर नाही ना?”

“मला नाही, एंटरला लागला,” तो वळूनही न बघता म्हणाला. “पण बरं झालं. तू सेकंड बेसला पोचलीस.”

“मी?”

त्यानं कॉम्प्युटरच्या पडद्याकडं बोट दाखवलं. काळ्या पडद्यावर एकच पांढरी ओळ होती— ‘अकरा नंबर धावली.’

सिद्धेश्वरीनं मान वाकवून स्वतःच्या जर्सीकडं पाहिलं. अकरा नंबर.

मुलाचं नाव गुरुशांत. अकरावीचाच, पण दुसऱ्या तुकडीतला. विज्ञान प्रदर्शनासाठी त्यानं बेसबॉलचा गेम लिहिला होता. चित्रं नाहीत, नुसत्या ओळी. कोण धावली, कोण आऊट झाली, सगळं कॉम्प्युटर लिहून सांगायचा. आणि खेळाडू कोण? तर शाळेच्याच मुली! साहेबांनी स्वतः कधी बॅट धरली नव्हती. वर्षभर खिडकीतून बघून बघून त्यानं सगळ्यांचा खेळ आत उतरवला होता.

“म्हणजे वर्षभर तू मला बघतोयस?”

“टीमला.”

“अकरा नंबरला?”

“...टीमला.” पण कान लाल झाले होते.

“मग नुसता नंबर काय ठेवलास? नाव टाक की. सिद्धेश्वरी.”

त्यानं नाव टाईप केलं. पडदा एकदा मिटला आणि उघडला, डोळ्याची पापणी लवावी तसा.

मग रोज प्रॅक्टिस झाली की तिची पावलं आपोआप जिन्याकडं वळायला लागली. गुरुच्या डब्यात कडक भाकरी आणि शेंगाचटणी असायची. ती खाता खाता दोघं मॅच लावायचे. तिची टीम विरुद्ध त्याची.

आणि एके दिवशी पडद्यावर ओळ आली— ‘सिद्धेश्वरी सेकंड बेसला घसरली. गुडघ्याला मार.’ दुसऱ्याच दिवशी प्रॅक्टिसला खरी सिद्धेश्वरी सेकंड बेसलाच घसरली. डावा गुडघा सोलून निघाला.

“बघ की, तुझा गेम पाडतोय मला!” ती खिदळत म्हणाली.

गुरु हसला नाही. त्यानं तिच्या नावापुढं जाऊन ‘पडण्याची शक्यता’ शून्य करून टाकली. मग एका दुपारी एकटीच पळताना तिचा पाय खड्ड्यात गेला, तोल गेला... आणि ती पडलीच नाही. कोपराला कुणीतरी हलकेच धरून सरळ उभं केलं होतं. मागं वळून बघते तर भर उन्हात रिकामं मैदान आणि बेसवर गोल गोल फिरणारी एक वावटळ. तिच्या अंगावर काटा आला. आणि खोटं कशाला सांगायचं, तो काटा तिला आवडला.

मग ती बातमी आली. गुरुच्या अप्पांनी हुबळीला दुकान घेतलं होतं. परीक्षा संपली की सगळं घर तिकडं.

“मग तुझी टीम कोण खेळवणार?” तिनं विचारलं. खरं तर विचारायचं वेगळंच होतं.

“कॉम्प्युटर. त्याला मॅनेजर करायचा. क्रिकेटमध्ये कॅप्टन ठरवतो ना, ते बेसबॉलमध्ये मॅनेजर ठरवतो. कधी पळायचं, कधी थांबायचं. माझा स्वभाव त्याच्यात भरून ठेवला की मी नसलो तरी माझ्यासारखाच खेळंल.”

“भर मग.”

“मी नाही, तू भर. स्वतःबद्दल माणूस खोटं सांगतो. माझा मॅनेजर तू कर, तुझा मी करतो. मग लावू दोघांची झुंज.”

पडद्यावर एकेक प्रश्न यायला लागला आणि सिद्धेश्वरी उत्तरं देत गेली. धोका पत्करतो का? छे. पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा, थकला तर बदलतो का? नाही, एकदा जीव लावला की सोडत नाही. समोरची पळायच्या तयारीत असली तर? तिनं क्षणभर विचार केला... ‘ती हलेपर्यंत चेंडू टाकत नाही. नुसता बघत राहतो.’

प्रश्न संपले. तिला मात्र अजून किती तरी सांगायचं होतं. इतका कधी पाठ झाला हा आपल्याला?

झुंज लागली ती थेट त्याच्या जायच्या दिवशी. भर दुपार. गाडी भरून झाली होती, ‘वह्या राहिल्यात शाळेत’ अशी थाप मारून गुरु वर आला होता. अप्पा गेटबाहेर गाडीत बसलेले.

दोघांनी हात मागं घेतले आणि मॅच आपली आपण सुरू झाली. काय सांगावं... खुर्चीत बसून दुसऱ्या स्वतःला खेळताना बघायचं! ती तिथं पळत होती आणि इथं हिला धाप लागत होती. बरोबरी झाली. शेवटचा डाव. सिद्धेश्वरी थर्ड बेसवर, म्हणजे शेवटचा एकच टप्पा राहिलेला. एवढी एक धाव घेतली की जिंकली. समोर त्याच्या टीमचा पिचर, त्याला नाव दिलेलंच नव्हतं.

‘पिचर थांबला.’

‘सिद्धेश्वरी थांबली.’

‘पिचर थांबला.’

‘सिद्धेश्वरी थांबली.’

ओळींमागून ओळी पडत राहिल्या.

“अडकला काय रे?”

“नाही...” गुरुचा आवाज बारीक झाला होता. “वाट बघतायत.”

“कुणाची?”

“एकमेकांची.”

सिद्धेश्वरीनं त्याच्याकडं रोखून पाहिलं. “माझ्यात काय भरलंस तू?”

“सगळीकडं बिनधास्त पळते... पण शेवटच्या पावलाला, समोरचा हलल्याशिवाय हलत नाही.”

“मी घाबरते व्हय?”

“नाहीस?”

उत्तर द्यायला ती ताडकन उठणार होती. उठता येईना. पाय मैदानावरच्या चुन्याच्या रेघेवर चिकटल्यासारखे झाले होते. तळव्यांना तापलेली माती लागत होती, आणि खाली तर गार फरशी!

“सिद्धी,” गुरु कुजबुजला, “माझा हात हलेना.”

बाहेर अप्पांनी हॉर्न दिला.

‘पिचर थांबला. सिद्धेश्वरी थांबली.’

“कधी थांबणार हे?”

“कधीच नाही. वेळेची मर्यादाच घातली नव्हती मी...”

पुन्हा हॉर्न, लांबलचक. तिला एकदम दिसलं, हा जाईल, लॅबला कुलूप लागेल, आणि आत काळ्या पडद्यावर ती दोघं एकमेकांकडं बघत उभीच राहतील. वर्षानुवर्षं. एक पाऊल कमी पडलं म्हणून.

“गुरु,” ती म्हणाली. “मला तू आवडतोस. लई आवडतोस. हां... बोलले!”

पडद्यावरची ओळ बदलली.

‘सिद्धेश्वरी धावली.’

कीबोर्डला कुणाचंच बोट नव्हतं.

‘पिचरनं चेंडू टाकला. सिद्धेश्वरी आऊट.’

तिचे पाय सुटले. गुरुचा हातही सुटला. तो उभा राहिला. तिसरा हॉर्न.

“अप्पा... मी... येतो,” एवढंच म्हणून त्यानं दप्तर उचललं आणि तो जिना उतरून गेलासुद्धा.

गेला! सिद्धेश्वरी तशीच उभी. कान तापलेले, डोळे भरलेले. आऊट तर आऊट, पण एक शब्द तरी बोलावा की नाही माणसानं?

मायाक्का किल्ल्या खुळखुळवत दारात आली. ती शाळेची सगळी कुलपं सांभाळायची. “चल गं बाळ, बंद कर त्ये. मला ही खोली न्हाय आवडत. कुणी नसलं तरी आत टकटक चालू असती.”

“करते मावशी.”

तिनं बटणाकडं हात नेला आणि तो हवेतच राहिला. पडद्यावर नवी ओळ उमटत होती. एकेक अक्षर, सावकाश.

‘गुरुशांत धावला.’

पण त्या गेममध्ये नावं सगळी मुलींचीच होती. गुरु नुसता मॅनेजर. खेळाडूंमध्ये त्याचं नाव कुणी घातलंच नव्हतं.

ती खिडकीशी धावली. गेटबाहेर गाडीचं दार सताड उघडं होतं. अप्पा काचेतून मान काढून “गुरुऽ, अरे कुटं निघालास?” ओरडत होते. आणि उन्हानं पेटलेल्या रिकाम्या मैदानावरून, दप्तर वाटेतच टाकून, गुरु पळत येत होता. इतकं वेडंवाकडं पळणं तिनं आयुष्यात पाहिलं नव्हतं. हात कुठं, पाय कुठं! थर्ड बेस तुडवून तो सरळ खिडकीच्या रोखानं येत होता.

“सिद्धीऽऽ! मलापण! अगं, मलापण!”

“काय म्हणतंय त्ये पोरगं?” मायाक्कानं विचारलं.

मागं पडद्यावर आणखी एक ओळ उमटत होती. ती वाचायला सिद्धेश्वरी थांबली नव्हती. एकावेळी दोन दोन पायऱ्या गाळत ती केव्हाच जिना उतरायला लागली होती.