आजीनं कार्डाला आंघोळ घातली!

"आगं, काका फोनच उचलंना!" शंभूराजनं मोबाइल पलंगावर फेकला.

"परत लाव की!" राजनंदिनी ओरडली.

सुट्टी लागली होती, पण आष्ट्यातल्या त्या घरात सकाळपासून नुसता वैताग चालला होता. या बहीणभावांचा जयराजकाका काल बनुआजीला घेऊन बँकॉकला गेला होता. "रोख कशाला? नवं कार्ड हाय की!" असं म्हणत ऐटीत गेला आणि आता तेच कार्ड एकही मशीन घेईना, असं त्यानं सकाळीच फोनवर सांगितलं होतं. कार्ड नुसतं टेकवून पैसे द्यायची सोय त्यानं सुरूच केली नव्हती. खिशात तिथली एक नोट नाही, आजीला मधुमेह, आणि तिच्या पोटात सकाळपासून अन्नाचा कण नाही!

एकदाचा फोन लागला.

"काका, परवा सांगलीत कार्ड चाललं हुतं ना? मग—"

"पोरांनी मधी बोलायचं न्हाई! बँकेनंच घोळ घातलाय!" फट्! फोन बंद.

राजनंदिनीला रागानं रडूच आलं. "आपलं कुणी ऐकतंय का बघ!"

"परवा चाललं, आज न्हाई," शंभूराज म्हणाला. "म्हंजी मधी घरातच कायतरी झालंय!"

कपाट पाहिलं, टेबल पाहिलं. काही नाही! चिडून तो देवघरापाशी मटकन बसला आणि लगेच ओरडला, "नंदे, पाट बघ!"

पाटावर हळदकुंकू सांडलं होतं. मधे कार्डाएवढी जागा मात्र कोरी होती.

"आजीनं कार्डाची पूजा केली!" राजनंदिनी किंचाळली. "ट्रॅक्टरची केली तशी! चिपवर कुंकू वाळलंय!"

त्यांनी थेट आजीच्या मोबाइलवर व्हिडिओ कॉल लावला. आजी पार गळून गेली होती.

"आजी, कार्डावरचं कुंकू पूस!"

"कुंकू पुसू? आसलं अभद्र बोलू नगं!"

आता काय करावं? शंभूराजनं कपाळावर हात मारला. राजनंदिनीनं मात्र डोकं चालवलं.

"आजी, देवाला रोज आंघोळ घालतीस का न्हाई? मग कार्डालाबी घाल!"

आजीनं विचार केला. मग पदराचं टोक पाण्यात बुडवून कार्ड पुसलं, कोरडंही केलं. काकानं ते तिथल्या खाणावळीच्या मशीनमध्ये घातलं. टुंग! पावती बाहेर आली!

"चुकलंच माजं, पोरांनो," काका ओशाळला. "आत्ताच थोडी रोख काढून ठेवतो."

"शाबास रं वाघांनो!" मागं उभं राहून सगळं बघणारे आजोबा हंबीरराव दोघांच्या पाठी थोपटत म्हणाले.

आजीपुढं भाताचं ताट आलं होतं. चार घास पोटात गेल्यावर तिनं स्क्रीनकडं पाहिलं.

"जेवलासा का रं लेकरांनो?"

दोघं सकाळपासून उपाशीच होती!