मावशीनं ‘नाही’ म्हटलं, तेव्हा

“कुणाचा बोर्ड लावताय हो?” मावशीनं खालून विचारलं.

शिडीवरच्या माणसानं मागं वळूनसुद्धा बघितलं नाही. “डॉक्टर मॅडमचा.”

“कुठंयत त्या मॅडम?”

“आत असतील की. पेशंट बघून राहिल्या असतील.”

“त्या इथं खाली उभ्या आहेत. आणि त्या डॉक्टर नाहीत. उतरवा तो बोर्ड!”

तेव्हा तो वळला. हातातलं तारेचं भेंडोळं सुटलं ते थेट माझ्या दप्तरावर पडलं, पण त्याला ना तारेचं भान ना दप्तराचं. तो मावशीकडं बघत राहिला... आणि मावशी बोर्डाकडं. काय तो बोर्ड! ‘डॉ. सुकन्या. मनोविकार तज्ज्ञ. खात्रीशीर उपचार.’ एका कोपऱ्यात गुलाबाचं फूल, दुसऱ्या कोपऱ्यात चक्क हसणारा मेंदू!

सुकन्या माझी मावशी. मी पुनम, मूळची मुखेडची, अकरावी सायन्सला लातूरला आले आणि औसा रोडला तिच्याकडंच राहायला लागले. मावशी समुपदेशक आहे. म्हणजे मनानं थकलेली माणसं तिच्यासमोर बसून बोलतात आणि ती ऐकते, नीट प्रश्न विचारते, आपली गाठ आपल्यालाच सोडवायला मदत करते. घराच्या पुढच्या खोलीत तिनं नुकतंच स्वतःचं केंद्र सुरू केलं होतं, आणि त्याचाच हा बोर्ड.

“मी फोनवर काय सांगितलं होतं? नाव, समुपदेशक आणि वेळ. बास.”

“हाव, सांगितलं होतं.” तो शिडी उतरत म्हणाला. “पण मॅडम, निस्तं समुपदेशक बघून कुणी सायकलसुद्धा थांबवायचा न्हाई. डॉक्टर आदरानं घातलं मी. आमच्या दुकानात पदवी फुकट असते. वाढदिवसाच्या फ्लेक्सवर शेंबड्या पोराला ‘युवा हृदयसम्राट’ करतो आम्ही. आजवर कुणी तक्रार केली न्हाई.”

“मी करतेय.”

“दिसून राहिलंय ते.”

मला हसू आलं. मावशीला आलं नाही, निदान तिनं दाखवलं नाही. तिनं त्याला रस्त्यातच उभं करून समजावलं. गोळ्या लिहून देतात ते मनोविकारतज्ज्ञ, ते डॉक्टर असतात. चिकित्सा मानसशास्त्रज्ञ वेगळे, त्यांची नोंदणी दिल्लीच्या परिषदेत असते. “माझं शिक्षण समुपदेशनाचं. आमच्या नोंदणीचाही नवा कायदा आलाय, माझी नोंदणी होईल तेव्हा तीही लिहू. जेवढं शिकले तेवढंच करायचं, आणि जेवढं करते तेवढंच बोर्डावर लिहायचं.”

“म्हणजे डॉक्टर गेलं, तज्ज्ञ गेलं, उपचारबी गेले.” तो गंभीरपणे बोटं मिटत गेला. “मग उरलं काय?”

“मी. आणि माझे दोन कान.”

त्यानं मिटलेली बोटं उघडली. मग हळूच म्हणाला, “ते... लई झालं की.”

त्याचं नाव मल्लिनाथ. देगलूरकडचा. गंजगोलाईच्या बाजारात त्याचं फ्लेक्सचं छोटं दुकान होतं. नवा बोर्ड कसा दिसेल ते फोनवर पाठवता आलं असतं ना? पण नाही! तो कागद घेऊन स्वतः आला. त्यात खाली लिहिलेलं, ‘मनःशांतीची हमी’.

“ही हमी कुणी दिली?” मावशीनं विचारलं.

“मी.”

“तुमच्याकडं आहे का मनःशांती?”

“नव्हती. परवापासून जरा जास्तच न्हाई.”

मावशीनं पेनानं ‘हमी’वर अशी काही फुली मारली, की कागद फाटला... आणि कान लाल झाले. तिचेच! ते दोन कान!

तिसऱ्यांदा आणलेल्या बोर्डावर पांढऱ्यावर निळी अक्षरं होती. नाव, समुपदेशक, वेळ. आणि खाली बारीक ओळ: ‘येथे गोळ्या-औषधे लिहून दिली जात नाहीत.’

मावशी कितीतरी वेळ ती ओळ वाचत राहिली. “हे मी सांगितलं नव्हतं.”

“बोलला होता तुम्ही, पहिल्या दिवशी. मी ऐकून राहिलो होतो.”

लोक रोज मावशीला आपलं सांगतात. तिचं कुणी ऐकलंय, हे तिला बहुतेक पहिल्यांदाच कळलं असावं.

मग बोर्ड लागला तरी येणं चालूच राहिलं. आज खिळा ढिला झाला का बघायला, उद्या ऊन अक्षरांवर पडतंय का बघायला. मावशी रविवारी सुशीला करायची. चुरमुरे भिजवून, दाण्याचं कूट आणि हिरवी मिरची घालून. बरोबर त्या वेळेला खिळा ढिला व्हायचा. तो दारातल्या बाकावर बसून खायचा आणि म्हणायचा, “मॅडम, मिरचीलाबी नोंदणी विचारायला पाहिजे. तिनं पायरी ओलांडली.” मावशी खळखळून हसायची. आमच्या घरात असं हसू मी तोवर ऐकलं नव्हतं.

दोन गोष्टी मात्र मला खटकायच्या. तो नेहमी चालत यायचा. गंजगोलाईपासून, खांद्यावर फ्लेक्सची गुंडाळी घेऊन, भर उन्हात. “गाडी नाही का?” असं मी एकदा विचारलं. “हाय की. चालायला बरं वाटतं,” म्हणाला आणि विषय बदलला. दुसरी गोष्ट, त्याच्या दुकानात सगळे फ्लेक्स व्हायचे, फक्त श्रद्धांजलीचा नाही. आमच्या कॉलेजचे एक सर वारले तेव्हा आम्ही मुली गेलो होतो. त्यानं हात जोडले आणि शेजारच्या दुकानाकडं बोट दाखवलं.

मी मावशीला सांगितलं. ती एवढंच म्हणाली, “तो आपणहून सांगेल तेव्हा.”

सप्टेंबरातल्या एका रविवारी त्यानं सांगितलं. सुशीलाची बशी तशीच मांडीवर होती.

“दोन वर्षं झाली,” तो म्हणाला. “लोहा गावाच्या पुढं. गाडी मी चालवत होतो, मागं शिवकुमार. माझा दोस्त. समोरून टेम्पो आला... मला खरचटलं निस्तं. तो गेला. त्याचा फ्लेक्स मीच केला, मॅडम. फोटो कापताना माझाच हात त्याच्या खांद्यावर होता, तो काढून टाकावा लागला.” मग तो म्हणाला, “तवापासून गाडीची किल्ली हातात घेतली की श्वास अडकतो. नीट झोप न्हाई. कुणालाच बोललो न्हाई मी हे. तुमच्यासमोर बोलता येतं. मी उद्यापासून येऊ? बाकावर न्हाई. आत, खुर्चीवर.”

मावशीचा चेहरा पांढरा पडला. मला वाटलं, आता ती पटकन हो म्हणेल. रोज अनोळखी माणसांना म्हणते, याला तर...

“पुनम, तू आत जा.”

मी गेले. पण दार पूर्ण लावलं नाही. (हे लिहायला मी आता दोघांचीही परवानगी काढली आहे. मावशीनं आधी कान पिळला, मग दिली.)

“मी तुमची समुपदेशक होऊ शकत नाही,” मावशी म्हणाली.

“का?”

बाहेरून मोसंबीचा गाडा ओरडत गेला.

“समोरच्या खुर्चीवर बसणाऱ्या माणसाशी माझं दुसरं कसलंही नातं असून चालत नाही. ना आधी, ना नंतर. मी घरच्यांना बघत नाही, मैत्रिणींना बघत नाही.”

हे मला माहीत होतं. लातूरला आले तेव्हा वर्गात हात वर करायची वेळ आली की मी बाकाखाली पेन शोधायला वाकायचे. मी मावशीच्या गळ्यात पडून म्हटलं होतं, तूच काहीतरी कर. तिनं माझे डोळे पुसले आणि मला दुसऱ्या समुपदेशक बाईंकडं नेलं. तेव्हा मी किती रुसले होते! आज वर्गात मला गप्प बसवावं लागतं. थँक्यू, मावशी.

“पण मी तुमचा कोण?” मल्लिनाथ म्हणाला. “मी तर निस्ता फ्लेक्सवाला.”

“तसं असतं तर मी आत्ता हो म्हटलं असतं.” मावशीचा आवाज बारीक झाला. “मला तुम्ही... मला रविवारची वाट बघावीशी वाटते, मल्लिनाथ. अशा बाईनं तुमची समुपदेशक होणं ही फसवणूक होईल.”

दाराच्या फटीशी मी तोंडावर दोन्ही हात दाबून उभी होते. एवढी सुंदर गोष्ट, आणि ती एवढ्या वाईट वेळी!

तिनं कागदावर एक नाव लिहिलं. रामकिशन सर, नांदेडचे. मावशी त्यांच्याच हाताखाली शिकली. “लातूरमध्येही चांगली माणसं आहेत.”

“त्यांचे सगळ्यांचे बोर्ड मीच केलेत,” तो हसायला गेला, पण हसू निघालं नाही. “नांदेडचा रस्ता लोह्यावरूनच जातो, मॅडम. ठाऊक हाय ना?”

“ठाऊक आहे. एसटीनं जा. रेल्वेनं जा. सरांना वाटलं तर ते डॉक्टरांकडंही पाठवतील. पण जा.”

त्यानं कागद घेतला. बशी बाकावर ठेवली आणि चालत निघून गेला. पुढच्या रविवारी तो आला नाही. त्याच्या पुढच्याही नाही.

मावशी सुशीला करतच होती. आम्ही दोघी ती गप्प बसून खायचो. एकदा मी चिडलेच. “तू हो म्हणायला पाहिजे होतंस! आता तो कुणाकडंच गेला नाही तर?”

“तीच भीती आहे मला,” ती म्हणाली. बस, एवढंच. आणि भांडी घासायला उठली. तिची पाठ बघून मला पुढं बोलवेना.

शेवटी मीच, तिला न विचारता, रामकिशन सरांना फोन लावला. “सर, मल्लिनाथ नावाचे कुणी येतात का तुमच्याकडं? फक्त हो की नाही सांगा.”

“बेटा,” सर प्रेमानं म्हणाले, “माझ्याकडं कोण येतं आणि कोण येत नाही, हे मी माझ्या बायकोलासुद्धा सांगत नाही. तुझ्या मावशीनं विचारलं का?”

“नाही.”

“ती विचारणारही नाही. अभ्यास कर.”

दिवाळी गेली. थंडी पडली. मुखेडहून आईनं, म्हणजे तारामतीबाईंनी, मावशीसाठी एक स्थळ सुचवलं. मावशी म्हणाली, “थोडं थांब, ताई.” कशासाठी थांबायचं ते आईला कळलं नाही. मला कळलं.

आणि जानेवारीतल्या एका सकाळी दारात मोटारसायकल येऊन थांबली.

मल्लिनाथ! एवढ्या थंडीत कपाळावर घाम, दोन्ही हात हँडलवर घट्ट. मावशी दारात आली आणि चौकट धरून उभी राहिली.

“एकट्यानं चालवून राहिलोय,” तो म्हणाला. “पंधरा दिस झाले.”

मावशीनं मागची रिकामी सीट बघितली.

“मी दर गुरुवारी नांदेडला जातो. पहिल्यांदा लोह्याला डोळे मिटून घेतले होते एसटीत. आता उघडे असतात.” त्यानं श्वास घेतला. “मी रागावलो होतो तुमच्यावर, खोटं कशाला बोलू? पण सरांसमोर मी लहान लेकरागत रडलो, मॅडम. नाक गळत होतं. तुमच्यासमोर बसलो असतो, तर दर वेळी भांग पाडून आलो असतो. चांगलं दिसायला बघितलं असतं. खरं एक अक्षर बोललो नसतो. तुम्ही न्हाई म्हणला... त्याचे लई उपकार हायेत माझ्यावर.”

मावशीनं पदरानं डोळे टिपले. “माझेच आभार कशाला? गेलात तुम्ही. मी फक्त नाव लिहून दिलं.”

“मागं कुणी बसलं की अजून धडधडतं,” तो म्हणाला. “बसता?”

“मल्लिनाथ, मी काही तुमचा सराव नाही हं.”

“न्हाई न्हाई! सराव काल केला. आईला बसवून. आमच्या आईनं, शरणम्मानं, अख्ख्या गल्लीभर कन्नडमधून देवाला हाका मारल्या. आता शेजारी विचारून राहिलेत कुणाचं काय झालं.”

मावशी हसली. तेच ते खळखळून! चार महिन्यांनी!

“मग मी कशासाठी बसू?”

त्यानं हँडलवरचे हात काढले. पहिल्यांदाच. “गाडीसाठी न्हाई. माझ्यासाठी बसा... सुकन्या.”

मॅडम गेलं! मी आतल्या आत उडी मारली.

“अकराला माझ्याकडं कुणीतरी येणार आहे,” मावशी म्हणाली. “त्याआधी परत आणाल?”

“आणतो.”

ती बसली. आधी हात स्वतःच्या मांडीवर, मग सीटच्या मागं... आणि गाडी हलली तसा त्याच्या खांद्यावर. गाडी एवढी हळू चालली होती, की दुधवाला सायकलवरून घंटी वाजवत पुढं गेला.

“भीती वाटते का?” मल्लिनाथनं विचारलेलं मला ऐकू आलं.

“वाटते. याहून हळू गेलात तर पडू आपण!”

वळणापर्यंत मी बघत राहिले. अकराला दहा कमी असताना एक काकू येऊन बाकावर बसल्या, डोळे सुजलेले. मी त्यांना पाणी दिलं आणि सारखी रस्त्याकडं बघत राहिले. मावशी कधीच उशीर करत नाही.

अकराला दोन मिनिटं असताना गाडी आली. मावशीचे केस विस्कटलेले, गाल थंडीनं आणि आणखी कशानं तरी लाल. ती उतरली, त्याच्याजवळ वाकून म्हणाली, “थँक्यू.”

“उद्या?”

“उद्या संध्याकाळी. केंद्र बंद झाल्यावर.”

मग तिनं केस नीट बांधले, काकूंना हात देऊन उठवलं आणि आत गेली. दार लागायच्या आधी तिचा आवाज ऐकू आला, नेहमीसारखा शांत.

“बसा. घाई नाही. आज फक्त तुमचं ऐकायचंय.”